‘वाजवी’ म्हणजे किती? अमेरिकेच्या गोड्या पाण्यावरचं बर्फफोडीचं सरकारी गणित

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. कुठलंही वाहतं पाणी दिसलं की आधी नजरेनेच त्याची रुंदी मोजतात, मग वेग, आणि मग कुठे बाकीचं जग. नातवाच्या बारशासाठी त्यांना ऐन थंडीत मिशिगनला यावं लागलं. घरात बसून बसून वैतागले, म्हणून मार्चअखेरीच्या एका रविवारी त्यांना पोर्ट ह्युरॉनला घेऊन गेलो. ह्युरॉन सरोवराचं पाणी तिथे सेंट क्लेअर नदीत उतरतं. पलीकडचा काठ कॅनडाचा.

नदी अर्धीअधिक बर्फाने भरलेली होती. कुठे दाराएवढे, कुठे अख्ख्या खोलीएवढे तुकडे एकमेकांवर चढत खाली चाललेले. त्यातून काळ्या अंगाचं, पांढऱ्या माथ्याचं एक बुटकं जहाज पुढे येत होतं आणि त्याच्या मागे, अंतर राखून, एक लांबच लांब मालवाहू जहाज. बर्फ अंगाला घासण्याचा आवाज पत्र्याची ट्रंक फरशीवरून ओढावी तसा, फक्त न थांबणारा. दोन्ही जहाजं गेली आणि मागची मोकळी पट्टी दहा-पंधरा मिनिटांत मिटूनही गेली. पिठल्यातून डाव फिरवून काढला की पिठलं पुन्हा सारखं होतं ना, तशी.

“हे पुढचं सरकारी?” बाबांनी विचारलं.

“हो, कोस्ट गार्डचं.”

“आणि मागचं?”

“कंपनीचं.”

“म्हणजे कंपनीसाठी सरकार वाट काढून देतंय. बिल कुणाच्या नावावर?”

“कुणाच्याच नाही.”

त्यावर बाबा “अच्छा” म्हणाले. फाईलवर शेरा मारण्याआधीचं असतं ते “अच्छा”. परतीच्या वाटेवर त्यांनी मला एवढं पिळून काढलं की त्यांच्या प्रश्नांमुळेच हा विषय मला नीट कळला. तेच इथे जरा लावून लिहितो.

पाण्याची सडक आणि तिचं एकमेव फाटक

सुपीरियर, मिशिगन, ह्युरॉन, ईरी आणि ऑन्टारिओ ही पाच सरोवरं नकाशात वेगवेगळी दिसली तरी जहाजाच्या लेखी ती एकच सलग सडक आहे. सुपीरियरच्या पश्चिम टोकाला असलेल्या डुलूथ बंदरातून निघालेलं जहाज सेंट लॉरेन्स नदीतून थेट अटलांटिक गाठू शकतं. अंतर सुमारे ३,७०० किलोमीटर.

या सडकेवरचा मुख्य माल म्हणजे लोहखनिज. मिनेसोटातल्या मेसाबी पट्ट्यात टॅकोनाइट नावाचा हलक्या प्रतीचा दगड निघतो. तो दळून, चुंबकाने लोखंडाचा अंश वेगळा करून त्याच्या गोट्या भाजतात आणि त्या गोट्या जहाजाने गॅरी, क्लीव्हलंड अशा पोलादाच्या गावांकडे जातात. त्यासाठी हजार फूट लांबीची तेराएक जहाजं आहेत. एकात साठ-सत्तर हजार टन माल मावतो. तोच रेल्वेने न्यायचा तर शंभर टनी वॅगन सातशेच्या घरात लागतील. खाली ऑन्टारिओकडे जाणाऱ्या वेलंड कालव्याची लॉक्स (जहाज चढवायचे-उतरवायचे पाण्याचे हौद) ७४० फुटांपर्यंतचंच जहाज घेतात, त्यामुळे ही हजारफुटी जहाजं वरच्या चार सरोवरांतच जन्मतात आणि तिथेच भंगारात जातात. विहिरीतल्या कासवांसारखी.

सुपीरियर ह्युरॉन सरोवरापेक्षा सुमारे २१ फूट उंचावर आहे. मधली सेंट मेरीज नदी तेवढं उतरते, म्हणून सू सेंट मेरी गावात जहाजांसाठी पाण्याचा जिना केला आहे. त्याला सू लॉक्स म्हणतात. जहाज हौदात घ्यायचं, दार लावायचं, पाण्याची पातळी चढवायची किंवा उतरवायची, पुढचं दार उघडायचं. पंप लागत नाही, उताराचंच पाणी काम करतं. (इथे बाबा पहिल्यांदा खुशीत आले.) हजार फुटी, १०५ फूट रुंद जहाज मावेल असं लॉक मात्र एकच आहे, १९६९ साली सुरू झालेलं १,२०० फूट लांब आणि ११० फूट रुंद पो लॉक. ते सहा महिने बंद पडलं तर देशभरात जवळजवळ १ कोटी १० लाख लोकांचा रोजगार जाईल, असा अंदाज होमलँड सिक्युरिटी खात्याच्या २०१५ च्या अभ्यासाने मांडला होता. आता शेजारी तेवढंच दुसरं लॉक बांधणं चालू आहे.

या फाटकाची सुट्टी ठरलेली आहे, १५ जानेवारी ते २५ मार्च. आपल्याकडे पावसाळ्यात गेटवेवरून मांडव्याच्या लाँच बंद होतात, गोव्यात मांडवी-जुवारीतून खनिज नेणाऱ्या बार्जींचा हंगामही पावसाळ्यापुरता थांबायचा, आणि कोळीवाड्यात नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्याशिवाय होड्या लोटत नाहीत. इथली नारळी पौर्णिमा २५ मार्चला. मध्यरात्री फाटक उघडतं आणि पहिलं जहाज बघायला हौशी मंडळी थंडीत कुडकुडत उभी असतात. वेलंड कालव्यावर तर हंगामाच्या पहिल्या जहाजाच्या कप्तानाला समारंभपूर्वक जुन्या काळची उंच टोपी घालतात.

मात्र ही सुट्टी निव्वळ बर्फामुळे नाही. त्या दहा आठवड्यांत लष्कराचं अभियंता दल लॉकमधलं पाणी उपसून दारं आणि यंत्रं दुरुस्त करतं, कंपन्या जहाजं धक्क्याला बांधून इंजिनं उघडतात, आणि पोलाद कारखाने आधीच रचून ठेवलेल्या खनिजावर भागवतात. अडचण सुट्टीच्या दोन्ही कडांना येते. डिसेंबरअखेरीपासून बर्फ धरायला लागतो, तेव्हा जहाजांची शेवटच्या फेऱ्यांची घाई असते. २५ मार्चला फाटक उघडतं, तेव्हा खालची सरोवरं आणि वरची नदी अजून गोठलेलीच असतात. शिवाय डेट्रॉइट-सेंट क्लेअर पट्ट्यात थोडीफार वाहतूक हिवाळाभर चालू राहते. बर्फफोडीचं नियोजन करायचं ते या आठवड्यांसाठी.

मग सुट्टीच कशाला, बारा महिने चालवा की! हा प्रयोगही झालाय. संसदेने १९७० साली मंजुरी दिली आणि १९७१ ते १९७९ हंगाम लांबवून पाहिला. १९७४-७५ च्या हिवाळ्यात वरच्या सरोवरांत पहिल्यांदाच वर्षभर जहाजं चालली. चालवता येतात हे सिद्ध झालं. पण काठ खचणं, बेटांवरच्या लोकांचे हाल, माशांची आणि पाणथळींची चिंता, आणि त्या मानाने फायदा किती, या वादात तो गुंडाळला गेला. मला स्वतःला तो गुंडाळला हे बरंच झालं असं वाटतं. दुरुस्तीला सुट्टी नसलेलं लॉक किती दिवस टिकलं असतं?

एका शब्दावर उभी असलेली यंत्रणा

सरकारने हे काम अंगावर घेतलं ते २१ डिसेंबर १९३६ च्या एका आदेशाने. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी कोस्ट गार्डला सांगितलं की शक्य असेल तितकं आणि निकड असेल तसं बर्फ फोडून वाटा आणि बंदरं खुली ठेवा. कितपत? तर ‘व्यापाराच्या वाजवी मागणीपुरती’.

सगळा गुंता या ‘वाजवी’त आहे. वाजवी कुणी ठरवायचं, माल नेणाऱ्या कंपनीने, बोटीने शाळेत जाणाऱ्या बेटावरच्या मुलाने, की बजेट करणाऱ्या कारकुनाने? नऊ दशकं होत आली, जहाजं बदलली, पण भांडण त्या शब्दाभोवतीच फिरतंय.

सेवा फुकट आहे हे बाबांना सर्वांत खटकलं. कॅनडा १९९८ पासून बर्फफोडीसाठी जहाजांकडून शुल्क घेतो. अमेरिका घेत नाही, रस्त्यावरचा बर्फ हटवायचं बिल ट्रकवाल्याला कुठे पाठवतो, हा त्यामागचा विचार. पण याला एक मर्यादा आहे. धक्क्याजवळचा, बंदराच्या आतला बर्फ फोडायला खासगी टग (जहाजं ओढणाऱ्या छोट्या बोटी) असतात आणि त्यांच्या धंद्यात सरकारी जहाजाने ढवळाढवळ करायची नाही, असं कोस्ट गार्डचं धोरण आहे. मुख्य कालवा खात्याचा, शेतातली चारी तुमची. हे बाबांना लगेच पटलं.

कामाचा क्रमही ठरलेला आहे. आधी जीव वाचवणं. मग संकटात सापडलेलं जहाज. मग गावांची निकड, म्हणजे बर्फ अडून आलेला पूर, किंवा बेटावर संपत आलेलं इंधन आणि धान्य. व्यापाराची वाहतूक सुरळीत ठेवणं सर्वांत शेवटी. रोजचं काम जवळजवळ सगळं त्या शेवटच्या खात्यातलं असलं तरी यादीत त्याचा नंबर शेवटचाच.

दोन मोहिमा असतात आणि नावं अगदी मालावरून ठेवलेली. सुपीरियर, सेंट मेरीज नदी, मॅकिनॉची सामुद्रधुनी आणि मिशिगन सरोवर यांसाठी ‘ऑपरेशन टॅकोनाइट’, आणि डेट्रॉइट, सेंट क्लेअर, ईरी या दक्षिण पट्ट्यासाठी ‘ऑपरेशन कोल शॉव्हल’, म्हणजे कोळशाचं फावडं. कॅनडाशी १९८० पासून करार आहे. सीमा पाण्यातून जाते आणि बर्फाला पासपोर्ट नसतो, त्यामुळे जवळ असेल त्या देशाचं जहाज मदतीला जातं. कॅनडाची ‘सॅम्युअल रिस्ली’ आणि ‘ग्रिफन’ ही जहाजं अमेरिकी मालवाहूंच्याही ओळखीची.

बर्फ कापत नाहीत, मोडतात

मी आधी समजायचो की आइसब्रेकर म्हणजे पुढे करवतीसारखं काहीतरी असणार. तसं काही नाही. त्याचं नाक चमच्याच्या पाठीसारखं गोलसर असतं. जहाज बर्फावर चढतं आणि आपल्या वजनाने तो खाली मोडतं. पापड दोन्ही हातांत धरून मोडण्यापेक्षा टेबलाच्या कडेवर दाबून मोडणं सोपं, तेवढीच युक्ती. मग मोडलेले तुकडे बाजूला सारायचे आणि अंगाला चिकटू द्यायचे नाहीत. आम्ही पाहिलेल्या १४० फुटी जहाजांत पाण्याखालून हवेचे बुडबुडे सोडतात, ते अंगालगत वर चढतात आणि घर्षण कमी होतं. ही १९७९ पासूनची पिढी. सरोवरांवर सध्या अशी सहा आहेत, आणि वीसेक इंच जाडीचा सलग बर्फ ती न थांबता मोडू शकतात. त्याहून जाड आला की मागे यायचं, पुन्हा धडक मारायची.

बर्फ फोडण्यात त्यांच्यापेक्षा ताकदवान असं एकच, ‘मॅकिनॉ’. लांबी २४० फूट. २००६ साली विस्कॉन्सिनच्या मरिनेट गावच्या गोदीतून आलं. ३२ इंच बर्फातून ते ३ नॉटने जातं, म्हणजे आपण झपझप चालतो त्या वेगाने. बर्फ १४ इंच असेल तर १० नॉटने. त्याचे पंखे जहाजाखाली लटकणाऱ्या, चौफेर फिरणाऱ्या शेंगांत बसवले आहेत, त्यामुळे ते आडवं सरकून किंवा मागे जातानाही बर्फ फोडतं.

आडवं सरकणं ही चैन नाही. बाबांनी तिथल्या तिथे मनात हिशेब मांडला होता: पुढचं जहाज किती रुंद? छोटी जहाजं साडेसदतीस फूट, मॅकिनॉ ५८ फूट. आणि मागून येणारं? १०५ फूट. म्हणजे वाट काढणारा बारीक आणि चालणारा जाड! सरळ पात्रात एक वेळ ढकलत निघतं, पण सेंट मेरीज नदीच्या वळणावर हजार फुटी जहाज अरुंद पट्टीत वळूच शकत नाही. ते काठाच्या न फुटलेल्या बर्फात शेपूट अडकवून बसतं आणि मग मागची सगळी रांग थांबते. म्हणून वळणांवर दोन-तीन फेऱ्या मारून पट्टी रुंद करावी लागते, आणि पारा उतरला की ती रात्रीत पुन्हा धरते. पुन्हा पुन्हा फोडलेल्या ठिकाणी तर बर्फाचा चुरा साठून मूळच्या सलग बर्फापेक्षा जाड, चिकट थर होतो. एकदा फोडलं की काम संपलं, असं इथे नाही.

वारा हा आणखी एक शत्रू. वायव्येचा वारा सुटला की सुपीरियरचा बर्फ पूर्वेला व्हाइटफिश उपसागरात येऊन रचला जातो, नेमका लॉकच्या तोंडाशी. म्हणून जहाजं कुठे ठेवायची हे ठरवताना उपग्रहाच्या रडारची चित्रं आणि वाऱ्याचा अंदाज दोन्ही बघतात.

‘खुलं’ आहे, पण टेलला पोचतंय का?

किती जहाजं हवीत, हे किती ‘खुलं’ ठेवायचं यावर ठरतं. आणि खुलं म्हणजे काय, हे तुम्ही मोजता कसं यावर.

कोस्ट गार्डचं बरीच वर्षं एक साधं लक्ष्य होतं. सरासरी हिवाळ्यात महत्त्वाच्या वाटा बर्फामुळे २ दिवसांपेक्षा जास्त बंद राहू नयेत, कडक हिवाळ्यात ८ दिवसांपेक्षा जास्त नाही. पुढे ते टक्क्यांत आलं, म्हणजे पहिल्या दर्जाच्या वाटा ९५ टक्के वेळ खुल्या. हे लक्ष्य बहुतेक वर्षी गाठलं जायचं. आणि त्याच वर्षी जहाज कंपन्यांची संघटना ओरडून सांगायची की आमचे कोट्यवधी डॉलर बर्फात गेले.

खोटं कोण बोलत होतं? कुणीच नाही. वाट ‘बंद’ जाहीर झालीच नाही, पण जहाज आठ तासांच्या पट्ट्यात दोन दिवस रखडलं. कधी मदतीसाठी रांगेत थांबलं, तर कधी कंपनीने बर्फाचा रंग बघून जहाज बंदरातून सोडलंच नाही. रजिस्टरात सगळं हिरवं.

हे ऐकल्यावर गाडीत बाबा हसायलाच लागले. कालव्याचं आवर्तन सुटलं की खात्याच्या नोंदीत पाणी ‘पोचलेलं’ असतं. पाटकऱ्याची सही असते, मुखाशी किती क्युसेकने सोडलं ते असतं. पण टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याचा ऊस वाळत असतो, कारण मधल्या मंडळींनी दारं उचललेली असतात, चारी गाळाने भरलेली असते. “मुखाशी मोजलं की खातं पास,” बाबा म्हणाले, “टेलला मोजलं की नापास. म्हणून कोण टेलला मोजत नाही.”

अमेरिकी संसदेने शेवटी टेलला मोजायचं मनावर घेतलं. २०२२ च्या अखेरीस मंजूर झालेल्या कोस्ट गार्डविषयीच्या कायद्यात मापाचा रोख बदलणारा प्रस्ताव मांडला. वाट किती दिवस खुली होती हे पुरेसं नाही. जहाजं आणि फेरीबोटी प्रत्यक्ष जाण्याचा प्रयत्न करतात त्या तासांपैकी ९० टक्के तासांत त्यांना जाता आलं का, ते बघा. वरवर पाहता आकडा ९५ वरून ९० वर घसरलाय. प्रत्यक्षात हे माप कितीतरी कडक आहे, कारण यात रखडपट्टी लपत नाही. आणि ते गाठायचं तर जहाजं जास्त लागतात. व्याख्या बदलली की इस्टिमेट बदलतं!

कंपन्यांचे नुकसानीचे आकडे मात्र मी जरा हात राखूनच वाचतो. मागणी करणाऱ्यानेच काढलेलं नुकसान कधी कमी निघालेलं पाहिलंय का कुणी?

बर्फ फोडल्याने ज्यांची वाट बंद होते

नियोजनाच्या चर्चेत मालवाहूंचा आवाज मोठा असतो, पण बर्फ हा काहींसाठी रस्ताच आहे. ह्युरॉन सरोवरातल्या मॅकिनॉ बेटावर १८९८ पासून मोटारींना बंदी. हिवाळ्यात तिथे पाचेकशे माणसं राहतात, स्नोमोबाइल तेवढी चालते. सामुद्रधुनी घट्ट गोठली की ही मंडळी बर्फावरूनच मुख्य भूमीवरच्या सेंट इग्नेसला जातात. वाट कुठे पक्की आहे ते कळावं म्हणून नाताळ संपल्यावर टाकून दिलेली ख्रिसमसची झाडं बर्फात रोवून ओळीने खुणा करतात. पंढरीच्या वाटेवरच्या पताका आठवतात मला ते बघून. या पट्ट्यात आइसब्रेकर शिरला तर गावाचा पूल गेला. म्हणून तिथला बर्फ फोडण्याआधी जाहीर सूचना द्यावी लागते, आणि काही वाटा हिवाळाभर मुद्दाम फोडतच नाहीत.

सेंट मेरीज नदीतल्या शुगर बेटाचं दुखणं उलटं. तिथे फेरीबोट चालते. वर जहाजांसाठी फोडलेला बर्फ वाहत येऊन नेमका फेरीच्या वाटेत अडकतो. त्यासाठी सत्तरच्या दशकात नदीत तरंगत्या ओंडक्यांची साखळी बांधली गेली, ती बर्फाला वरच धरून ठेवते. एकाची वाट मोकळी केली की दुसऱ्याची तुंबते, हे गृहीत धरूनच आखणी होते.

आणि सेंट क्लेअर नदी, जिथे आम्ही उभे होतो. १९८४ च्या एप्रिलमध्ये ह्युरॉनचा बर्फ वाऱ्याने इथे लोटला आणि नदी २४ दिवस तुंबली. दोन्ही बाजूंना जहाजं अडकून पडली. आइसब्रेकर होते, ते फोडतही होते, पण वरून येणारा बर्फ फोडलेल्यापेक्षा जास्त होता. अशा वेळी अजून एक जहाज असतं तर, हा प्रश्न विचारायला फार सोपा असतो.

सांडवा रोजच्या पावसासाठी बांधत नाहीत

पहिलं मॅकिनॉ जहाज दुसऱ्या महायुद्धाची गरज होती. रणगाडे आणि जहाजांना पोलाद हवं, पोलादाला खनिज हवं, आणि हिवाळा खनिज अडवतो. ओहायोतल्या टोलेडोत बांधलेलं ते जहाज डिसेंबर १९४४ मध्ये सेवेत आलं. लांबी २९० फूट, रुंदी ७४ फूट. त्याच्या नाकाशीही एक पंखा होता. तो पुढच्या बर्फाखालचं पाणी ओढून घ्यायचा, मग आधार गेलेला बर्फ पटकन मोडायचा. सेंट लॉरेन्सची तेव्हाची लॉक्स एवढी अरुंद की हे जहाज समुद्रात जाऊच शकत नव्हतं. सरोवरांचं जहाज सरोवरांतच राहणार, ध्रुवाकडे कुणी पळवणार नाही. ६२ हिवाळे काढून ते २००६ साली निवृत्त झालं आणि आता मॅकिनॉ सिटीला संग्रहालय आहे.

ते निवृत्त करायचं की नाही, यावर आधी बरीच वर्षं वाद चालला. जुनं जहाज फक्त बर्फ फोडायचं, उरलेले आठ-नऊ महिने पगारी माणसं आणि गंज सांभाळत बसायचं. म्हणून नवं बांधताना त्याला दुसरं काम दिलं. शरद ऋतूत जलमार्गातले बोये, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा, काढून आणायचे, वसंतात पुन्हा लावायचे, आणि मध्ये बर्फ. डिसेंबरच्या सुरुवातीला हेच जहाज गरजू कुटुंबांसाठी हजारभर ख्रिसमसची झाडं घेऊन शिकागोच्या धक्क्याला लागतं. पूर्वी एक शिडाचं जहाज अशी झाडं आणायचं, ते १९१२ साली वादळात बुडालं, त्याची ही आठवण. शिकागोतल्या आपल्या मराठी मंडळींनी एकदा मुलांना घेऊन बघून यावं असं आहे.

पण मोठं जहाज एकच, हे दुखणं राहिलंच. २०१४ च्या मार्चमध्ये पाचही सरोवरांचा ९२ टक्क्यांहून अधिक पृष्ठभाग गोठला होता. फाटक उघडल्यावर पहिली मालवाहू जहाजं ताफा करून निघाली, तर एरवी दोन-तीन दिवसांच्या प्रवासाला आठवड्याहून जास्त लागला. गॅरीच्या पोलाद कारखान्यात खनिज कमी पडून काही काम थांबवावं लागलं. जून उजाडला तरी सुपीरियरवर बर्फाचे तुकडे तरंगत होते. त्याच्या दोनच वर्षं आधी, २०१२ च्या हिवाळ्यात, सगळ्यात जास्त गोठलेल्या दिवशीसुद्धा जेमतेम १३ टक्के पाणी गोठलं होतं.

१३ आणि ९२. यांची सरासरी काढून जहाजं ठरवणाऱ्याला काय म्हणावं? १९७३ पासूनच्या नोंदी बघितल्या तर बर्फ एकूण कमी होत चाललाय, म्हणून “आता नवं जहाज कशाला” म्हणणारे बरेच आहेत. बाबांचं उत्तर धरणाचं होतं. सांडवा रोजच्या पावसासाठी बांधत नाहीत. वर्षानुवर्षं त्यावरून थेंब वाहत नाही, पोरं तिथे क्रिकेट खेळतात, आणि मग एका रात्री तो नसता तर धरणच गेलं असतं. मला हे पटतं, पण पूर्ण नाही. सांडव्याला पगार द्यावा लागत नाही. जहाजाला पन्नासेक माणसं, इंधन, गोदी आणि चाळीस वर्षांची देखभाल लागते, आणि तोच पैसा दुसऱ्या किनाऱ्यावर जीव वाचवणाऱ्या बोटींकडून काढावा लागतो.

२०२२ च्या त्याच कायद्याने मॅकिनॉच्या तोडीच्या नव्या जहाजासाठी ३५ कोटी डॉलर मंजूर केले. मंजूर, म्हणजे खर्चायची परवानगी. पैसा दरवर्षीच्या अर्थसंकल्पातून वेगळा मिळवावा लागतो. प्रशासकीय मान्यता मिळाली, निधीची तरतूद नाही, ही ओळ महाराष्ट्रात कुठल्याही तालुक्याच्या पुलाच्या फाईलवर सापडेल. जुलै २०२५ च्या मोठ्या खर्चाच्या कायद्यात मात्र हलक्या आणि मध्यम आइसब्रेकरांसाठी ८१ कोटी ६० लाख डॉलर प्रत्यक्ष ठेवले गेले. ते नुसत्या सरोवरांसाठी नाहीत. १४० फुटी पिढी पूर्व किनाऱ्यावरही आहे आणि तीही पंचेचाळिशीला टेकली आहे, तेव्हा वाटणीची ओढाताण ठरलेली.

त्या संध्याकाळी बाबांनी खात्यातल्या जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर नदीचा फोटो टाकला. खाली लिहिलं: “पुढचे जहाज शासकीय. मागचे खाजगी. पाणीपट्टी माफ.” दहा-बारा अंगठे आले, कुणी थंडी किती म्हणून विचारलं. कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या एकाने मात्र एवढंच लिहिलं होतं: “साहेब, टेलला पोचतं का?”